अवतरणचिन्हातलं खोटं

संगणकाला फक्त दोनच गोष्टी कळतात, ही बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण ती गावोगाव पोचली आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकांना आपण सॉफ्टवेअरमध्ये असल्याचं कळलं, की जिलबी मोडता मोडता ते विचारतात, "म्हणजे शेवटी सगळं शून्य आणि एकच ना?" यातल्या 'शेवटी'वर जरा जास्तच जोर असतो. एवढ्याशा कामाला एवढा पगार, हा प्रश्नाचा न उच्चारलेला भाग.

काकांचं फारसं चुकत नाही. यंत्राच्या पोटात खरोखरच दोन अवस्था असतात. पण आम्ही यंत्राच्या पोटाशी बोलत नाही, प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बोलतो, आणि त्या भाषा माणसांनी केलेल्या आहेत. माणसं आली की मतं आली, मतं आली की समित्या आल्या. त्यामुळे खरं कशाला म्हणायचं नि खोटं कशाला, या प्रश्नावर आमच्या धंद्यात गेली साठ-पासष्ट वर्षं एकमत झालेलं नाही. कोर्टात निदान कधीतरी निकाल लागतो.

या खऱ्याखोट्याच्या मालाला आमच्यात 'बूलियन' म्हणतात, जॉर्ज बूल यांच्या नावावरून. इंग्लंडमधल्या लिंकन गावी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरी १८१५ साली हे गृहस्थ जन्मले. विद्यापीठाची पायरी न चढता स्वतःच्या हिमतीवर गणित शिकले आणि १८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात थेट प्राध्यापक झाले. आपल्याकडे त्यांची फाइल नेट-सेटच्या टेबलावरच अडली असती. १८५४ साली त्यांनी विचारांच्या नियमांवर ग्रंथ लिहिला. माणसाचा तर्क बीजगणितासारखा मांडता येतो, आणि त्याला १ आणि ० एवढे दोनच अंक पुरतात, असा त्याचा मथितार्थ. त्यांची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हिंदुस्थान मोजता मोजता ज्यांची हयात गेली आणि ज्यांचं नाव शिखराला लागलं, तेच हे एव्हरेस्ट.

१८६४च्या नोव्हेंबरात बूल भर पावसात तीनेक मैल चालत कॉलेजात गेले आणि ओल्या कपड्यांतच त्यांनी व्याख्यान दिलं. ताप भरला. आजाराचं कारण तेच त्यावरचं औषध, अशी बाईंची श्रद्धा होती, म्हणून त्यांनी नवऱ्याला ओल्या चादरींत गुंडाळलं, असं सांगतात. डिसेंबरात बूल गेले. वय अवघं एकोणपन्नास. विचारांचे नियम छापून झाल्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, पण घरातल्या माणसांनी आपलं पुस्तक वाचलेलं असतं अशा भ्रमात कुठल्याच लेखकानं राहू नये.

पुढे १९३७ साली क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या पोरानं एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात दाखवून दिलं की विजेच्या रिलेंची जोडणी बूलच्या गणितानं मांडता येते. झालं. तिथून संगणक आला. इथपर्यंत सगळं स्वच्छ आहे. घाण पुढे झाली.

सी ही भाषा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी घडवली. तिच्यात खरं-खोटं असा वेगळा प्रकारच नव्हता. शून्य म्हणजे खोटं, बाकी जे काही असेल ते खरं. एक खरं, बेचाळीस खरं, उणे सातसुद्धा खरं. मग प्रत्येक टीमनं आपापलं सत्य घरीच तयार केलं. कुणी 'बूल' म्हणायचं, कुणी 'बूलियन', कुणी तेच सगळी अक्षरं मोठी करून. दोन टीमचा कोड एकत्र केला की दोन्हीकडची सत्यं एकमेकांच्या उरावर बसायची. १९९९ साली मानक ठरवणाऱ्या समितीला जाग आली, तोपर्यंत 'बूल' हे साधं नाव जगभरच्या कोडमध्ये लोकांनी वापरून टाकलेलं. म्हणून अधिकृत सत्याला पुढे अंडरस्कोर लावून घरात घ्यावं लागलं. साध्या 'बूल'ला त्या भाषेत हक्काची जागा मिळाली ती २०२३च्या मानकात. पन्नास वर्षं भाड्याच्या घरात काढून मग फ्लॅटचा ताबा.

विंडोजमध्ये 'गेटमेसेज' नावाचं एक जुनं फंक्शन आहे. ते बूल परत देतं, असं त्याच्या घोषणेत लिहिलेलं आहे. देतं मात्र तीन प्रकारची उत्तरं: शून्य, शून्य नसलेलं काहीतरी, आणि गडबड झाली तर उणे एक. उणे एक हेही 'शून्य नसलेलं'च, त्यामुळे सरळमार्गी माणूस गडबडीलाच होकार समजून पुढे जातो. कंपनीनं दुरुस्ती काय केली? 'असा कोड लिहू नका' अशी सूचना कागदपत्रात घातली. आपल्याकडच्या रस्त्यांवरही 'पुढे खड्डा आहे' ही पाटी खड्डा बुजवण्यापेक्षा आधी लागते, तेव्हा यात हसण्यासारखं काही नाही.

व्हिज्युअल बेसिकमध्ये ट्रूचा आकडा केला तर उणे एक येतो. लिनक्सच्या शेलमध्ये तर उलटाच कारभार: प्रोग्रॅम शून्य देऊन संपला म्हणजे सगळं ठीक, दुसरा कुठलाही आकडा म्हणजे घोटाळा. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण मला हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटत आलाय. पास होण्याचा प्रकार एकच असतो, नापास होण्याची कारणं मात्र दोन-अडीचशे असू शकतात, आणि ती सांगायला आकडे लागतात.

आता या सगळ्या गोंधळाच्या मुळाशी काय आहे ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. बऱ्याच भाषा आपल्याला 'खरं की खोटं' असं विचारतात असं आपण धरून चालतो. त्या तसं विचारतच नाहीत. त्या विचारतात, 'काही आहे की नाही?' शून्य म्हणजे काही नाही, म्हणून खोटं. रिकामी यादी, रिकामा मजकूर, म्हणजे काही नाही, म्हणून खोटं. बाकी डब्यात जे काही असेल ते खरं. त्यात अमृत आहे की फिनेल, हे डबा हलवून बघणाऱ्याला कळत नाही, आणि भाषा फक्त डबा हलवून बघते.

पायथन घ्या, कारण आजकाल दहावीची मुलंसुद्धा पायथन शिकतात. त्यात 'बूल' नावाचं फंक्शन आहे. त्याच्यात काहीही टाका, ते ट्रू किंवा फॉल्स काढून देतं. शून्य टाका, फॉल्स. रिकामी यादी टाका, फॉल्स. रिकाम्या यादीच्या पोटात आणखी एक रिकामी यादी टाका, ट्रू. कारण बाहेरच्या यादीत एक वस्तू आहे, मग ती वस्तू पोकळ का असेना. एक मोकळी स्पेस टाका, ट्रू. आणि अवतरणचिन्हात घालून "फॉल्स" असा शब्द टाका. ट्रू.

नव्या मुलांना हे पहिल्यांदा दाखवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघण्यासारखं असतं. आधी वाटतं टायपिंग चुकलं. मग ती पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर दाबत टाइप करतात, जणू हळू लिहिलं की पायथनला नीट वाचता येईल. ट्रू. मग "नाही" टाकतात. ट्रू. "अजिबात नाही" टाकतात. ट्रू. एका पोरीनं वैतागून आईचं ठरलेलं वाक्य टाकलं, "मेलं तरी नाही". तेही ट्रू. नकार जितका सविस्तर, तितका होकार पक्का.

बूल हा प्रकार पायथनमध्ये आला २००३ साली. त्याआधी लोक १ आणि ० वर भागवत होते. जुना कोड मोडायला नको म्हणून बूलला इंटचं, म्हणजे पूर्णांकाचं, अपत्य केलं. त्यामुळे ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन. याचा फायदाही आहे. शंभर उत्तरांत 'हो' किती, हे नुसती बेरीज करून कळतं. पण वारसाहक्कानं नुसती इस्टेट येत नाही, कर्जही येतं. एखाद्या कोशात ट्रू या नावाखाली 'आंबा' ठेवा आणि मग १ या नावाखाली 'फणस' ठेवा. कोश उघडला तर आत एकच नोंद: ट्रूच्या नावानं फणस. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असते तसं. पायथनच्या लेखी ट्रू आणि १ समान, म्हणून किल्ली जुनीच राहिली आणि माल बदलला.

तपासणीतही हाच घोळ. फॉर्मवरचं वय पूर्णांक आहे ना, हे बघायला लोक 'इजइन्स्टन्स' वापरतात. कुणी वयाच्या जागी ट्रू पाठवलं तर तपासणी म्हणते, हो, पूर्णांकच आहे, घरचाच आहे, येऊ द्या. अर्जदाराचं वय: ट्रू. हिशेबाच्या वेळी हे वय एक वर्ष धरलं जातं आणि माणूस थेट बालसंगोपनाच्या योजनेत जाऊन बसतो. म्हणून आधी 'बूल आहे का' हे विचारायचं, आणि मगच 'इंट आहे का' हे. क्रम उलटा झाला की संपलं. आणि पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत तर 'ट्रू = फॉल्स' अशी ओळ लिहिली तरी ती मुकाट चालायची. तिसऱ्या आवृत्तीत हे शब्द राखीव झाले आणि लेखणीच्या एका फटकाऱ्यानं सत्य बदलायची सोय गेली. राजकारणात अजून आहे.

पण या सगळ्यावर कडी केली ती मध्यरात्रीनं. पायथनमध्ये नुसती वेळ साठवण्याचा एक प्रकार आहे. वेळ दिली आहे का, हे बघायला लोक साहजिकच 'इफ वेळ' असं लिहायचे. दिवसभर चालायचं. रात्री बरोबर बाराच्या ठोक्याला प्रोग्रॅम म्हणायचा, वेळ दिलेलीच नाही. कारण मध्यरात्र म्हणजे शून्य तास शून्य मिनिटं, शून्य म्हणजे काही नाही, काही नाही म्हणजे खोटं. तक्रार गेली, तेव्हा सुरुवातीला उत्तर आलं की हे कागदपत्रात लिहिल्याप्रमाणेच चालू आहे. ते खरंच लिहिलेलं होतं! इतकंच नाही, त्यात पुढे असंही होतं की वेळेला देशाचा फरक जोडलेला असेल तर तो आधी वजा करायचा आणि मग शून्य येतं का बघायचं. भारताचा फरक साडेपाच तासांचा. म्हणजे भारतीय म्हणून नोंदवलेली पहाटेची साडेपाचची वेळ पायथनच्या लेखी खोटी होती. पर्वतीच्या पायऱ्या चढणारी निम्मी मंडळी त्या वेळी पायऱ्यांवर असतात, आकाशवाणी लावणारे लावून बसलेले असतात, दूधवाला बेल वाजवून गेलेला असतो, आणि ही भाषा म्हणते असं काही वाजलेलंच नाही. २०१५ साली ३.५ ही आवृत्ती आली तेव्हा हे बदललं. आता पायथनमध्ये दिवसाचे चोवीसही तास खरे आहेत.

मध्यरात्रीचा बग निदान रात्रीच चावायचा. अवतरणचिन्हातलं खोटं मात्र दिवसाढवळ्या फिरतं. सर्व्हरवर काही सेटिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ठेवायची पद्धत आहे. तिथे ठेवलेली प्रत्येक गोष्ट मजकूर म्हणूनच बाहेर येते, तिथे दुसरा प्रकारच नाही. आता जँगोसारख्या चौकटीत 'डीबग' नावाचं एक बटण असतं. ते चालू असलं की साइट बिघडल्यावर आतलं सगळं पडद्यावर मांडते: फाइलींचे पत्ते, कोडच्या ओळी, व्हेरिएबलच्या आतला ऐवज. बनवणाऱ्याला हे वरदान, जगाला दाखवलं तर शोभा. म्हणून साइट लाइव्ह नेताना शहाणा माणूस सर्व्हरवर लिहितो, डीबग बरोबर फॉल्स. कोड ते उचलतो, आत काहीतरी लिहिलेलं आहे असं बघतो, आणि डीबग चालू करतो. लिहिणारा शपथेवर सांगतो की मी फॉल्स लिहिलंय. खरंच लिहिलेलं असतं. आणि साइट आपली कुंडली चौकात वाचत बसलेली असते.

मग दुरुस्ती सुरू होते, आणि ही दुरुस्ती कशी वाढत जाते ते कुणीतरी एकदा लिहून ठेवायला हवं. पहिला माणूस लिहितो, मजकूर "ट्रू" असेल तरच ट्रू. चालतं. आठवड्यानं कुणीतरी पहिलं अक्षर लहान लिहितं, चालत नाही. दुसरा माणूस येऊन सगळी अक्षरं आधी लहान करून घेतो. मग कुणाच्या तरी बोटातून शेवटी एक स्पेस पडते. स्पेस दिसत नाही, त्यामुळे तिच्यात अख्खी दुपार जाते. तिसरा माणूस कडेच्या स्पेसा छाटतो. मग कुणीतरी १ लिहितं. तोही घेतला. मग "येस". मग "ऑन". मग नुसता "वाय". एक दिवस सर्व्हर सांभाळणारा "एनेबल्ड" लिहितो आणि वर विचारतो, यात न कळण्यासारखं काय आहे? एका ओळीच्या फंक्शनचं असं हळूहळू मंगल कार्यालय होतं. येईल त्याला आत घ्या, आणि तो मुलीकडचा की मुलाकडचा हे विचारू नका.

खरं तर पायथनमध्ये अशी एक तयार सोय होती. 'स्ट्रटूबूल' तिचं नाव. वाय, येस, टी, ट्रू, ऑन आणि १ हे होकार. एन, नो, एफ, फॉल्स, ऑफ आणि ० हे नकार. आणि याखेरीज काहीही आलं तर सरळ एरर. किती सरळ! पण पायथनच्या घरातच सेटिंगच्या फाइली वाचणारं दुसरं खातं आहे. त्याला येस कळतं, नुसतं वाय कळत नाही. ट्रू कळतं, टी कळत नाही. एकाच कचेरीत एका खिडकीवर चालणारा दाखला दुसऱ्या खिडकीवर परत यावा, तशातला प्रकार. शिवाय स्ट्रटूबूल नावात बूल मिरवायचं आणि द्यायचं १ किंवा ०. आणि ते ठेवलेलं होतं कुठे, तर 'डिस्टयुटिल्स' या पॅकेजं बांधण्याच्या सामानात, म्हणजे औषधाची बाटली सायकलच्या हत्यारांच्या पेटीत. २०२३ साली ३.१२ आवृत्तीतून ती पेटीच काढून टाकली आणि बाटलीही गेली. तेव्हापासून प्रत्येक कंपनीत कुणी ना कुणी तीच यादी आठवून आठवून पुन्हा लिहितो आहे.

कमांडवर पर्याय लिहून देण्याची सोय करणारं 'आर्गपार्स' आहे, त्यातही हीच तऱ्हा. एखाद्या पर्यायाचा प्रकार बूल ठरवला आणि वापरणाऱ्यानं पुढे फॉल्स टाइप केलं, की ट्रू. नकार पोचवायचा एकमेव मार्ग म्हणजे रिकामा मजकूर देणं. थोडक्यात, नाही म्हणायचं असेल तर तोंड उघडायचं नाही. असं करू नका, हे यांच्याही कागदपत्रात लिहिलेलं आहे, आणि ते कुणी वाचत नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत आहे.

या बाबतीत पायथनला एकट्यालाच झोडपणं बरं नाही. पीएचपीमध्ये "०" हा मजकूर खोटा आहे आणि "०.०" हा खरा. एका टिंबानं इमान बदलतं. आत खोटं आहे का बघावं म्हणून ते छापलं, तर पडद्यावर काहीच येत नाही, कारण पीएचपी फॉल्स छापते ते रिकामं. म्हणजे उत्तर खोटं आहे, की उत्तर नाहीच, की प्रोग्रॅम वाटेत मरून पडलाय, हे कळायला मार्ग नाही. आणि 'स्ट्रपॉस'? मजकुरात एखादा शब्द कुठे सापडतो ते सांगणारं हे फंक्शन. नाही सापडला तर फॉल्स देतं, सापडला तर जागा सांगतं, आणि जागा मोजतं शून्यापासून. 'महाराष्ट्र' या शब्दात 'महा' शोधा. सापडलं, अगदी पहिल्या जागी, म्हणून उत्तर शून्य. आणि घाईत लिहिलेला इफ म्हणतो, महाराष्ट्रात महा नाही. 'राष्ट्र' शोधलं तर सापडतं. शून्य आणि फॉल्स यांत फरक करणारी तीन बरोबरीची चिन्हं शिकवायला पीएचपीचे मास्तर हेच उदाहरण घेत असावेत. २०२० साली आठव्या आवृत्तीत 'आहे का' एवढंच विचारणारं वेगळं फंक्शन आलं, तेव्हा कुठे महाराष्ट्राला महा परत मिळाला.

जावास्क्रिप्टबद्दल फार बोलत नाही. ती १९९५ साली दहा दिवसांत केलेली भाषा आहे, आणि दहा दिवसांत आपल्याकडे मखरही धड होत नाही. तिथे रिकामी यादी खरी असते, पण ती फॉल्सच्या बरोबर आहे का असं विचारलं तर हो म्हणते. धर्मराजानं 'नरो वा कुंजरो वा' म्हटल्यावर त्याचा रथ जमिनीला टेकला होता. ब्राउझर मात्र चार बोटं वरच चालतो आहे. आणि मूल्य खरोखर बूलियन करून घ्यायला तिथली मंडळी दोन उद्गारचिन्हं लावतात. एक उद्गारचिन्ह म्हणजे नाही, दोन म्हणजे नाही असं नाही. हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही.

जावाचा स्वभाव वेगळा. तिच्या 'पार्सबूलियन'ला ट्रू हा एकच शब्द कळतो, मग अक्षरं लहान असोत की मोठी. बाकी जगातला प्रत्येक शब्द तिच्या लेखी फॉल्स. येस दिलं, फॉल्स. १ दिला, फॉल्स. ट्रूचं स्पेलिंग चुकलं, फॉल्स. चुकलंय असं ती सांगतही नाही, शांतपणे नकार देऊन मोकळी. लग्न जमवणाऱ्या मंडळात अशा बाई असतात.

याम्ल नावाचा सेटिंग लिहिण्याचा एक मजकूरप्रकार आहे. त्याच्या १.१ आवृत्तीत येस, नो, ऑन, ऑफ हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय लिहिले तरी आपोआप बूलियन होतात. माणसांच्या सोयीसाठी बरं का! मग कुणीतरी देशांच्या दोन-दोन अक्षरी संकेतांची यादी केली. भारताचं आयएन ठीक, स्वीडनचं एसई ठीक, आणि नॉर्वेचं एनओ. यादी वाचली गेली: भारत, स्वीडन, फॉल्स. पंचावन्न लाखांच्या आसपास माणसं, मासे, तेल, बर्फ, शांततेचं नोबेल, सगळं एका झटक्यात खोटं. आमच्यात याला 'नॉर्वे प्रॉब्लेम' असंच नाव आहे. २००९च्या १.२ आवृत्तीत फक्त ट्रू आणि फॉल्स उरले. पण पायथनवाले ज्या पायाम्लनं याम्ल वाचतात ते आजही १.१ च्या नियमांनी चालतं, त्यामुळे नॉर्वेला अवतरणचिन्हांत गुंडाळूनच पाठवावं लागतं.

आता यंत्रांवर पुरे झालं. खरा माल येतो माणसांकडून. एका संस्थेच्या सभासदांची एक्सेल फाइल आमच्याकडे आली होती. त्यात एक रकाना, 'सभासदत्व चालू आहे का?' एवढाच. त्यात होतं: वाय, मोठा आणि लहान, येस, हो, होय, 'होय.' म्हणजे पूर्णविरामासकट, बरोबरची खूण, देवनागरी १, 'मागील पानावरून पुढे', 'अध्यक्षांना विचारणे', आणि एके ठिकाणी 'वारले'. या सगळ्यांना बूलमधून काढा. सगळे सभासद चालू. वारलेलेसुद्धा. ज्यांचा रकाना रिकामा होता तेवढे बंद, आणि ते बहुधा फाइल भरणारे कारकून असावेत, कारण स्वतःची माहिती भरायला माणूस नेहमीच विसरतो.

त्यातला देवनागरी १ बघून आमच्यातल्या एकानं नाक मुरडलं, तेव्हा मला बरं वाटलं, कारण एक गोष्ट सांगायची संधी मिळाली. पायथनच्या इंटला देवनागरी अंक कळतात. "१" दिला की तो मुकाट १ देतो, आणि "०" चा शून्य करून मग बूलमध्ये घातला की रीतसर फॉल्स येतं. तोच "०" थेट बूलला दिला तर ट्रू. आधी अंक करून घ्यायचा, मग विचारायचं. इतका सोपा मार्ग, आणि तोही आपल्या लिपीत.

डेटाबेसमध्ये तर तिसरंच पात्र बसलेलं आहे, नल. ते खरं नाही, खोटं नाही, 'माहीत नाही' आहे. नल बरोबर नल का, असं विचारलं तरी उत्तर नल. चालू सभासदांची यादी काढा, चालू नसलेल्यांची काढा, दोन्हींची बेरीज एकूण सभासदांएवढी होत नाही. नलवाले दोन्हीकडून गायब. ऑरेकलच्या डेटाबेसमध्ये टेबलच्या रकान्याला बूलियन हा प्रकार मिळाला तो २०२३ साली. तोवर जगभरच्या बँकांनी वाय आणि एन या एकेका अक्षरावर काम भागवलं.

या अंगानं पाहिलं तर आपला सरकारी फॉर्म फार पुढचा वाटतो मला. 'होय / नाही' छापायचं आणि खाली 'लागू नसेल ते खोडावे'. शब्दाचं रूपांतर नाही, अक्षरं लहान-मोठी नाहीत, स्पेसा नाहीत. नको ते पुसलं की उरेल ते उत्तर. कल्पना निर्दोष आहे. फक्त भरणारे कधी दोन्ही खोडतात, कधी एकही खोडत नाहीत, आणि कधी हव्या त्या उत्तरावर बरोबरची खूण करायला जातात ती आडवी पडून नेमकं तेच खोडलं जातं.

माझ्यापुरतं मत सांगायचं तर, या सगळ्या गर्दीत मला गो ही भाषा आवडते. तिच्यात इफच्या पुढे बूलियनच हवा; संख्या दिली, मजकूर दिला, तर कोड कंपाइलच होत नाही. मजकुराचा बूलियन करणारं फंक्शन आहे, पण त्याची यादी ठरलेली आहे, आणि यादीबाहेरचं काही आलं तर ते उत्तराबरोबर एररही हातात ठेवतं. मला हे कळलं नाही, असं स्वच्छ सांगणारा प्रोग्रॅम नेहमीच कमी त्रास देतो. पायथनमध्ये हे करता येत नाही असं नाही. ठरलेली यादी लिहा, 'ट्रू'च्या बाजूची आणि 'फॉल्स'च्या बाजूचीही, आणि दोन्हींत न बसणाऱ्याला दारातच अडवा. 'बाकी सगळं खोटं' ही पळवाट आहे, 'बाकी सगळं खरं' ही तर त्याहून मोठी.

वाचकांनाही एक विनंती. पुढच्या वेळी कुठे होय-नाही विचारलं असेल, तर त्या दोन शब्दांपैकीच एक लिहा. नकार असेल तर तो सविस्तर लिहू नका, कारण देऊ नका, 'बघू' तर मुळीच लिहू नका. तो कागद आज ना उद्या कुणीतरी एक्सेलमध्ये उतरवणार आहे, आणि तिथून तो बूलमध्ये जाणार आहे.